रशियनांच्या नावावर गेलेल्या सात पायऱ्या

बाजारात शिंगाडे आले की लोकांना थंडीची चाहूल लागते. मला राग येतो. उकडून काळे झालेले, पोटाला चीर दिलेले शिंगाडे टोपलीत दिसले की आधी तोंडाला पाणी सुटतं आणि लगेच डोकं तापतं. आमचे हे म्हणतात, तुझ्या रागाला आंब्यासारखा मोसम आहे. डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलंय. रागाबद्दल ते काही बोलले नाहीत, कारण तोवर मी त्यांच्यावरही ओरडून झाले होते.

यंदाचा राग मात्र ताजा आहे आणि तो सायकलवर बसून आला.

मिनू म्हणजे माझ्या नागपूरच्या दादाची मुलगी, नोकरीसाठी इथं भिलाईत राहते. ती मराठी फक्त घरात बोलते, आणि घरातही अर्ध्या वाक्यापर्यंतच. एका सायकल ग्रुपमध्ये आहे. दर रविवारी ही मंडळी हेल्मेट घालून कुठं कुठं जातात, फोटो काढतात, पोहे खातात आणि घरी येऊन झोपतात. कार्तिकातल्या एका शनिवारी ती आमच्या रुआबांध्याच्या घरी आली आणि म्हणाली, "आत्या, उद्या हेरिटेज राइड आहे. तलावाजवळची कॉटेज लाइन. तुम लोग वहीं रहते थे ना? चल ना यार, तू सगळ्यांना सांगशील."

'तू सांगशील' हे दोन शब्द ऐकले की मी कुठंही जाते. चोपन्न वर्षांची बाई, गुडघे दोन्ही मूळचेच पण थकलेले, अंबाड्यावर हेल्मेट बसेना म्हणून शेवटी वेणी घातली आणि कोणाची तरी गिअरची सायकल घेऊन निघाले. गिअर कसे बदलायचे ते मिनूनं सांगितलं होतं. मी एकही बदलला नाही. चढावर पाय भिंगरीसारखे फिरत होते आणि सायकल जागच्या जागी होती. मागून येणारी कॉलेजची पोरं "आंटी, बहुत बढ़िया" म्हणत पुढं जात होती. बढिया काय ते मला कळलं नाही.

तलावाचं नाव मी इथं मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर पुढच्या रविवारी तिथं आणखी चाळीस हेल्मेटं उगवतील.

भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहत होता तेव्हा रशियन इंजिनिअरांसाठी तलावाच्या काठानं बारा कॉटेज बांधली होती. उतरती छपरं, लाकडी खिडक्या आणि प्रत्येक बैठकीच्या खोलीत विटांची शेकोटी. भिलाईत शेकोटी! मे महिन्यात इथं अंगणात पापड वाळत नाही, भाजून निघतो. ती रशियन माणसं आपलं काम करून गेली आणि कॉटेज आमच्यासारख्यांना मिळाली. भंडारा-गोंदियाकडून आलेले फिटर, वेल्डर, दुर्ग लाइनवरचे एकदोन रेल्वेवाले. आम्ही नऊ नंबरात बावीस वर्षं राहिलो. शेकोटीच्या कोनाड्यात आईनं देव बसवले होते. बाळकृष्णाला इतकी ऊबदार जागा सगळ्या छत्तीसगडात मिळाली नसती.

आता लाइन रिकामी आहे. झाडी वाढली आहे, पण तलाव तसाच. धुकं पाण्यावर बोटभर उंचीनं तरंगत होतं, शिंगाड्याच्या वेलींचे हिरवे गोल पाण्यावर पसरले होते. सायकल झाडाला टेकवून मी दम घेत होते तेव्हा मला खरंच बरं वाटलं. दहा मिनिटं.

ग्रुपचा कॅप्टन विवेक, तिशीतला, नम्र, पाण्याच्या बाटलीलासुद्धा पट्टा लावलेला. नऊ नंबरासमोर उभा राहून तो हिंदीत सांगू लागला. इंजिनिअर इथं संध्याकाळी कसे बसत, त्यांच्या बायका कसली फुलं लावत, शेकोटी कशी जळत असे. मग म्हणाला, "उसके बाद ये घर लगभग खाली ही रहे. इसीलिए देखिए, अंदर सब ओरिजिनल है."

खाली ही रहे.

माझा जन्म झाला त्या घरात, ताईचं लग्न ठरलं त्या घरात, आजी गेली त्या घरात, आणि हा पट्टेवाला म्हणतो, घर रिकामंच होतं. मी तोंड उघडलं. पण म्हणणार काय? विवेकनं दार ढकललं, सगळे आत गेले, मीही गेले, आणि खरोखर तिथं आमचं काहीच नव्हतं. एक खिळासुद्धा नाही.

हे कोणी केलं ते मला ठाऊक होतं. आमच्या बाबांनी केलं.

बाबा रिटायर झाले तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. शिंगाड्याचाच मोसम. प्लांटच्या क्वार्टरचा नियम सगळ्यांना माहीत असतो: नोकरी संपली की घर सोडायचं. भिलाईत माणूस जन्मभर अशा घरात राहतो जे त्याचं नसतं. पण बाबांनी नियमाच्याही पुढं जाऊन स्वतःचा एक नियम केला होता. घर जसं मिळालं तसंच परत द्यायचं. महिनाभर ते हातात पत्र्याची पट्टी घेऊन घर खरवडत होते. झोपाळ्याचे हूक काढले, भोकं बुजवली. दाराच्या चौकटीवर आम्हा तिघा भावंडांच्या उंचीच्या खुणा होत्या, त्या पॉलिशपेपरनं घासल्या. अंगणातलं तुळशीचं वृंदावन फोडलं. आईनं त्या दिवशी जेवण केलं नाही.

"कावून खरडता जी?" ती म्हणाली. "लेकरं वाढली इथं. थोडं तर राहू द्या."

"आपलं कुठं आहे ते? प्लांटचं आहे."

"खुणा तर आपल्या आहेत ना!"

"भिंत त्यांची, खूण आपली. मंग खूण घेऊन चाल तू सोबत," बाबा म्हणाले, आणि स्वतःच हसले. आई हसली नाही. मला मात्र बाबांचा अभिमान वाटला होता, हे सांगताना आज माझे कान तापतात. प्लांटमधून पेन्सिल तर सोडाच, हात पुसायची सुताची गुंडीही त्यांनी कधी घरी आणली नाही. सगळी लाइन त्यांची शपथ घ्यायची. पाळी सुटली की इतरांच्या पिशव्या गेटवर तपासत, बाबांना पहारेकरी नुसता हात करायचा.

अशा माणसाच्या घरात आता विवेक उभा होता आणि कोऱ्या भिंतीवरून हात फिरवत 'ओरिजिनल' म्हणत होता. इमानदारीचं असं बक्षीस मी तरी दुसरीकडे पाहिलेलं नाही. माणसानं इतकं स्वच्छ निघून जावं की तो कधी आलाच नव्हता असं पुढच्यानं छातीठोक सांगावं!

पण राग तिथं संपला असता. घर प्लांटचं होतं, गेलं. मी भुणभुण करत बाहेर आले आणि मागच्या बाजूला पाण्याकडे वळले, तेव्हा खरा राग आला.

कॉटेजच्या मागं काठ एकदम खाली जातो. तिथं सात पायऱ्या आहेत, पिवळट विटांच्या. वर दोन खांब रोवून लोखंडी साखळी लावलेली होती आणि विवेकच्या ग्रुपचा चकचकीत फलक. हिंदी आणि इंग्रजीत लिहिलं होतं की या पायऱ्या सोव्हिएत काळातल्या मूळ बांधकामाचा भाग आहेत, कृपया पाय ठेवू नका. आणि त्याच्यापासून वीस पावलांवर, चिखलाच्या घसरड्या काठावरून, डोक्यावर ओल्या शिंगाड्यांची टोपली घेतलेली एक बाई हातानं गवत धरून वर चढत होती.

ती वर आली. टोपली उतरवली. माझ्याकडे, मग हेल्मेटकडे, मग पुन्हा माझ्याकडे पाहिलं.

"तैं नव नंबर के नोनी अस न?"

नोनी म्हणजे मुलगी. चोपन्नाव्या वर्षी मला मुलगी म्हणणारं या पृथ्वीवर दुसरं कोणी उरलेलं नाही. ती बिसाहिन होती. शिंगाडेवाल्या केवटांच्या घरची. त्यांचं गाव या तलावाचं, कॉटेजच्या आधीचं. केस पांढरे झाले होते, डावा हात मनगटाशी अजून वाकडाच होता.

त्या मनगटाची गोष्ट विवेकच्या फलकावर नाही.

आधी काठावर केवटांची पायवाट होती, उताराची, सोपी. मग लाइनमधल्या लोकांनी मागं भाजीपाला लावायला सुरुवात केली. कुंपणं पुढं सरकली. बेशरमाच्या झुडपाच्या काड्या रोवल्या, तार बांधली. आमच्या आईची वांगी सगळ्या लाइनीत प्रसिद्ध होती आणि ती वांगी बरोब्बर त्या पायवाटेवर होती. जमीन प्लांटची, तलाव गावाचा, वांगी आमची. बायकांनी मग उभ्या काठावरून चढायचं. कोणी भांडलं नाही. त्या रिटायरमेंटच्या वर्षी, दसऱ्याच्या आसपास, बिसाहिन टोपलीसकट खाली गेली. आईनं स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं. हळद, चिंध्या, फळकुटं सगळं घेऊन धावली. परत आली आणि चुलीकडे पाठ करून बाबांना म्हणाली, "ते पडली नाही. आपण पाडलं तिले."

बाबा उठून मागं गेले. वांगी उपटली. पण पावसाळ्यानं पायवाट कधीच धुऊन नेली होती.

त्यानंतर आठवड्याभरात मला बाबांची डब्याची पिशवी जड लागली. सायकलच्या कॅरिअरवरून काढायला गेले तर हात खाली आला. आत डब्याखाली वर्तमानपत्रात गुंडाळलेली वीट. पिवळी, कोपरा तुटलेली. भट्टीच्या अस्तरातली फायरब्रिक.

"हे काय जी बाबा?"

"मोडकी आहे. फेकून राहिले होते."

"विचारलं कोणाले?"

"नाही."

"गेटवर दाखवली?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "माझी पिशवी कोण पाहते?" म्हणाले.

रोज एक वीट, कधी दोन. रिटायर होईपर्यंत. ज्या पिशवीवर तीस वर्षांत कोणी संशय घेतला नाही, त्याच पिशवीतून. इकडे घरात दिवसभर 'प्लांटचं प्लांटला' म्हणून भिंती घासायच्या आणि तिकडे रविवारी बिसाहिनच्या नवऱ्याबरोबर गुडघाभर चिखलात उभं राहून प्लांटच्या विटा रचायच्या. काही विटांवर परदेशी अक्षरांचा ठसा होता. त्या बाबांनी मुद्दाम ठसा वर करून बसवल्या. ओला पाय घसरू नये, अक्षरं पायाला धरतात, असं त्यांचं म्हणणं.

आणि मी? मी आठ दिवस त्यांच्याशी बोलले नाही. कॉलेजात निबंधस्पर्धेत प्रामाणिकपणावर बक्षीस मिळालं होतं मला. आमच्या घरात चोर आहे या दुःखानं मी उपाशी राहिले, म्हणजे एक वेळ, कारण दुसऱ्या वेळेला आईनं शिंगाड्याचं थालीपीठ केलं होतं. पुढं बाबांशी बोलायला लागले, पण त्या पायऱ्यांवर पाय कधी ठेवला नाही. पस्तीस वर्षांपूर्वीच्या त्या पोरीचं तोंड आज समोर आलं तर मी तिला हेल्मेटनं मारीन.

"साखळी कधी लावली?" मी बिसाहिनला विचारलं.

ती म्हणाली, दिवाळीच्या आधी. लावणाऱ्यांनी तिच्या सुनेला सांगितलं की हे रशियनांचं आहे, पाय ठेवायचा नाही. "तोर ददा बनाय रिहिस, मैं जानथँव. मोर गोड़ पिराथे. रसियन के थोड़े पिराही?"

तुझ्या बापानं बांधलं, मला ठाऊक आहे. पाय माझे दुखतात, रशियनाचे थोडेच दुखणार आहेत? सरळ प्रश्न होता. मी तो घेऊन विवेककडे गेले. आवाज जरा चढला असेल; मिनू नंतर म्हणाली, तलावाच्या पलीकडचे बगळे उडाले.

विवेक हसला, चांगलंच हसला. "आंटी, ईंट पर लिखा है. रशियन है."

"विटा भट्टीतल्या आहेत. पायऱ्या माझ्या बाबांनी बांधल्या."

"कोई फोटो? कोई कागज़?"

कागद! चोरलेल्या विटांची पावती कोण देतं? मी तसं म्हणाले नाही, नशीब. मग तो समजुतीच्या सुरात सांगू लागला. एक कमिटी काठाचं सुशोभन करणार आहे आणि मूळ काय, नंतरचं काय, याची यादी त्यांचा ग्रुप तिला देणार आहे. जे मूळ आहे तेवढं राहील, नंतर केलेलं सगळं अतिक्रमण म्हणून निघेल. या पायऱ्या रशियन आहेत म्हणून तर वाचल्या. नसतील तर येत्या रविवारच्या मीटिंगमध्ये तसं नोंदवावं लागेल.

म्हणजे खोटं राहिलं तर पायऱ्या टिकतील, पण त्यांच्यावर कोणी चढायचं नाही. खरं सांगितलं तर चढायला पायऱ्याच राहणार नाहीत. इतकं चोख गणित मला शाळेतही कोणी घातलं नव्हतं.

परत येताना मिनू माझ्या बाजूनं सायकल चालवत होती. "आत्या, चुप बैठ ना. रशियन तर रशियन. कम से कम टिकेल तरी."

"कोणासाठी टिकेल?"

"फोटोसाठी," ती म्हणाली, आणि मग स्वतःलाच ते ऐकू आल्यासारखा तिनं ब्रेक दाबला.

दादाला फोन केला. दादा नागपूरला असतो, माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा, शांत माणूस. त्याला सगळं सांगितलं, लिहून देणार आहे म्हटलं.

"बाबाचं नाव चोर म्हणून लिहून देशील तू?"

"विटा आणल्या असं लिहीन."

"एकच गोष्ट ठेवून गेला तो मानूस आपल्यासाठी. नाव. जमीन नाही, घर नाही, नाव. अन् तू ते सायकलवाल्या पोट्ट्यांच्या हातात देऊन राहिली."

"दादा, बिसाहिन पडली तर?"

"मंग सांग ना का पायऱ्या आमच्या घरच्यांनी बांधल्या. विटा कुठून आल्या ते कावून सांगतं?"

"विटांवर अक्षरं आहेत म्हणूनच त्या रशियन झाल्या. विटा कुठून आल्या ते सांगितल्याशिवाय पुढचं कोण मानेल?"

त्यानं फोन ठेवला. ठेवला म्हणजे आपटला. हल्लीच्या फोनला आपटता येत नाही, पण बहिणीला कळतं. मी ह्यांच्यावर ओरडले. हे म्हणाले, मी काय केलं? काहीच केलं नव्हतं, तोच राग.

आठवडाभर मी मनात भांडत होते, मुख्यतः बाबांशी. एक खूण ठेवली असती भिंतीवर तर काय बिघडलं असतं? एखादा हूक. चौकटीवरची एक रेघ. मी बोट ठेवून दाखवलं असतं की हे बघ विवेक, हे आम्ही. घरातून स्वतःला पुसून टाकलंत, आणि जिथं खरं काही केलंत तिथं वर दुसऱ्याचा ठसा. तुम्हाला बिसाहिनचा पाय घसरू नये एवढंच दिसत होतं. आपलं नाव त्याखाली जाईल हे कसं दिसलं नाही? दिसलं असतं तरी त्यांनी विटा तशाच बसवल्या असत्या, हे मला माहीत आहे. म्हणून तर जास्त राग येतो.

शनिवारी मी लिहायला बसले. मराठीत लिहिलं, मग मिनूनं हिंदी केलं. बाबांचं नाव, ते काय काम करत, कॉटेज नऊ. या पायऱ्या त्यांनी आणि बिसाहिनच्या नवऱ्यानं बांधल्या. विटा प्लांटमधल्या, टाकाऊ, न विचारता आणलेल्या. कारण आमच्या कुंपणानं यांची वाट बंद झाली होती आणि एका बाईचं मनगट मोडलं होतं. शेवटी लिहिलं, पायऱ्या अतिक्रमण असतील तर त्याआधीचं आमचं कुंपणही अतिक्रमण होतं, तेही नोंदवा. सही केली. मिनूनं पेन घेतलं आणि माझ्या सहीखाली स्वतःची केली.

"तू कशाला?" मी म्हणाले.

"पोती आहे ना मी त्यांची," ती म्हणाली. नातीला हिंदीत पोती म्हणतात. मी दुरुस्त केलं नाही.

रविवारी पुन्हा सायकल. या वेळी एक गिअर बदलला, चुकीचा. मीटिंग तिथंच काठावर होती, पंधरावीस जणं गोल करून उभी. विवेकनं कागद घेतला आणि मोठ्यानं वाचायला लागला. तिसऱ्या ओळीला त्याचा आवाज बारीक झाला. 'न विचारता आणलेल्या' ला एक पोरगा फिस्सकन हसला आणि मिनूनं त्याच्याकडे असं पाहिलं की मला माझी आईच दिसली. मी तलावाकडे तोंड करून उभी होते. गाल जळत होते. बाबांचं नाव पंधरा अनोळखी माणसांच्या कानात जाऊन पडत होतं आणि ते मीच टाकलं होतं.

वाचून झालं. कोणी म्हणालं, कमिटीला विचारावं लागेल. कोणी म्हणालं, आंटी की बात तो सही है, लेकिन. त्या 'लेकिन'वर सगळे थांबले.

तेवढ्यात खाली डोंगा काठाला लागला आणि बिसाहिनची सून टोपली घेऊन उतरली. तिच्या मागं आणखी बायका. सून चिखलाच्या काठाकडे वळली, मग थांबली, वर आमच्याकडे पाहिलं. तिला कागदाचं काही माहीत नव्हतं. तिला एवढंच दिसलं असावं की साखळीपाशी इतकी धडधाकट माणसं रिकाम्या हातांनी उभी आहेत. ती सरळ पायऱ्या चढून आली, एका हातानं डोक्यावरची टोपली सावरत दुसऱ्यानं साखळीचा आकडा खांबातून काढला आणि ते टोक विवेकच्या हातात दिलं.

"धर तो, बाबू."

त्यानं धरलं. एका हातात माझा कागद, दुसऱ्यात साखळी. एकेक बाई वर येत होती, टोपल्यांतून पाणी गळत होतं, विटांवर ओल्या पावलांचे ठसे उमटत होते. विवेकनं साखळी खाली टाकली नाही आणि परत लावलीही नाही. पुढच्या रविवारी तो काय करेल ते मला माहीत नाही, कमिटी काय करेल तेही नाही, आणि दादा अजून फोन उचलत नाही.

सगळ्यांत शेवटी बिसाहिन आली. ती टोपली घेऊन चौथ्या पायरीवर थांबली. वाकडा हात कमरेवर ठेवून तिनं श्वास घेतला. मग दुसरा घेतला. वर साखळी धरलेला माणूस तिच्यासाठी उभा होता आणि ती मुळीच घाई करत नव्हती.